खाडीचे पाणी, दोन पोती मीठ आणि अडकलेला स्क्रेपर: बर्फ-स्लरीच्या एका संयंत्राचे प्रकरण

कोकण किनाऱ्यावर खाडीच्या मुखाजवळ मासळी उतरवून घेणारे एक केंद्र आहे. तिथे उतरलेला बांगडा प्रथम थंड करतात, मग काही माल ० ते २ अंशांच्या चिल रूममध्ये जातो आणि काही ब्लास्ट फ्रीजरमधून उणे १८ च्या कोल्ड स्टोरेजमध्ये. पूर्वी थंड करण्याचे काम लादीच्या बर्फावर चाले. लादी फोडायची आणि खोऱ्याने मासळीवर ओढायची. त्याजागी स्लरीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात मिसळलेल्या बारीक बर्फकणांचे, संयंत्र बसवले. ऑक्टोबर ते मे ते रडतखडत का होईना चालले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होती, तेव्हा संयंत्र धुऊन-पुसून ठेवले. ऑगस्टमध्ये होड्या निघाल्या आणि पहिल्याच दिवशी यंत्र तीनदा बंद पडले. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती म्हणून जे केले त्याने तिसऱ्या दिवशीचा बांगडा बिघडला. दोन्ही बिघाडांचे मूळ एकच निघाले, आणि ते यंत्रात नव्हतेच.

संयंत्रात काय काय होते

मुख्य भाग म्हणजे स्क्रेपरचा बर्फ-जनित्र. स्टीलच्या उभ्या नळीच्या आतून खारे पाणी वाहते, बाहेरच्या जॅकेटमध्ये (नळीला वेढणाऱ्या कप्प्यात) रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता ओढून घेणारा द्रव, उकळतो. नळीच्या आतल्या भिंतीवर बर्फाचे बारीक कण धरतात आणि फिरती पाती ते जागच्या जागी खरवडून पाण्यात सोडतात. पात्यांचा शाफ्ट पाऊण किलोवॅटच्या गिअर मोटारवर चालतो. त्याखेरीज ७,००० लिटरची पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) इन्सुलेटेड टाकी, तिच्यात ढवळणी, एक स्लरी पंप आणि १,००० लिटरचे इन्सुलेटेड टब. कच्चे पाणी थेट खाडीतून, वाळूच्या फिल्टरमधून गाळून आणि क्लोरीन मारून.

स्लरी म्हणजे फोडलेला बर्फ पाण्यात टाकून केलेली खिचडी नव्हे. कण बहुधा १ मिलिमीटरहून बारीक असतात आणि त्यांच्या भोवती उणे दोन अंशांच्या आसपासचे खारे पाणी असते. म्हणून ती पंपाने ओढता येते आणि बांगड्याच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सगळीकडून भिडते. लादीचा तुकडा मासळीला दोन-चार ठिकाणी टेकतो, मधे हवा राहते, शिवाय टोकदार कडा कातडीला ओरखडते. शंभर-दीडशे ग्रॅमचा बांगडा हलत्या स्लरीत साधारण पाऊण तासात गाभ्यापर्यंत १ अंशावर येतो. लादीच्या चुऱ्यात त्याला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.

बांगड्याच्या बाबतीत हा वेळ चवीपुरता नाही. त्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते, मासळी उबदार राहिली की जिवाणू त्याचे विषबाधा करणारे हिस्टामीन करतात. एकदा तयार झालेले हिस्टामीन ना शिजवून जाते ना गोठवून. युरोपच्या नियमात नऊ नमुन्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये आणि एकही नमुना २०० ओलांडता कामा नये. चिल रूम कितीही चांगली असली तरी हे तिच्या दाराबाहेरच ठरून गेलेले असते.

पहिला दिवस

यंत्र सुरू केल्यावर तासाभरात स्क्रेपर मोटारचा करंट नेहमीच्या १.२ अँपिअरवरून चढत २.१ वर गेला आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा स्विच) पडला. ऑपरेटरने रिसेट मारला. वीस मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्या रिसेटला मोटार गुरगुरली, आतून कट्ट असा आवाज आला, मग मोटार मोकळीच फिरू लागली. शाफ्टची चावी, म्हणजे मोटारचा फेर शाफ्टला देणारी पाचर, तुटली होती.

या सगळ्या वेळात कॉम्प्रेसर मात्र चालूच होता, आणि ही या संयंत्राची पहिली खरी चूक. पाती थांबली आणि जॅकेटमध्ये रेफ्रिजरंट उकळत राहिला, तर काही मिनिटांत आख्खी नळी बर्फाने चोंदते. मग रिसेट मारणे म्हणजे सिमेंटमध्ये रुतलेला शाफ्ट फिरवू पाहणे. स्क्रेपरचा कॉन्टॅक्टर (मोटारचा विद्युत स्विच) पडला की लिक्विड लाइनचा सोलेनॉइड (रेफ्रिजरंट अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) लगेच बंद व्हायला हवा, कॉम्प्रेसर पंप-डाउन होऊन, म्हणजे जॅकेटमधला रेफ्रिजरंट ओढून घेऊन, थांबायला हवा आणि कॉम्प्रेसरच्या गरम गॅसने नळीतला बर्फ सुटल्याशिवाय रिसेट लागूच नये. हा इंटरलॉक (एक थांबले की दुसरेही थांबवणारा बंदोबस्त) वायरिंग नकाशात होता. जागेवर मात्र कुणीतरी वायरचा तुकडा जोडून तो मोडीत काढला होता. असे तुकडे बहुतेक संयंत्रांत सापडतात, ‘वारंवार ट्रिप होतो’ या तक्रारीवरचा तो ठरलेला इलाज असतो.

पण मुळात बर्फ अडकला का? गिअरबॉक्स बदलावा, पाती बोथट झाली, गॅस कमी आहे, अशी सगळी अनुमाने झाली. सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) खाली गेले होते हे खरे. पण ते कारण नव्हते, परिणाम होता. भिंतीवर बर्फाचा थर बसला की उष्णता त्यातून जायला वेगळा तापमान-फरक लागतो. चौरस मीटरमागे १२ किलोवॅट ओढणाऱ्या नळीवर फक्त १ मिलिमीटर बर्फ चिकटून राहिला, तर तेवढ्यासाठीच सुमारे साडेपाच अंश जास्तीचे द्यावे लागतात. म्हणजे रेफ्रिजरंट आणखी थंड होतो, भिंत आणखी थंड होते, बर्फ आणखी घट्ट चिकटतो. चक्र सुरू झाले की ते पाती अडकेपर्यंत थांबत नाही.

चक्राची सुरुवात पाण्यात होती. कच्च्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर) ठेवला तर क्षारता निघाली १.१ टक्का. एप्रिलमध्ये हेच पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. पावसाळ्यात नदी भरून वाहते आणि खाडीचे पाणी निम्मेअर्धे गोडे होते, हे जेटीवरच्या कुणालाही ठाऊक असते. ते पाणी यंत्रात जाते हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

मीठ यंत्रात काय करते

पाणी गोठताना मीठ आत घेत नाही, बाहेर ढकलते. भिंतीवर कण धरत असताना त्यांच्या मधल्या फटींत जास्त खारट, न गोठलेले पाणी अडकून राहते. त्यामुळे बर्फ भुसभुशीत राहतो आणि पात्याच्या एका स्पर्शाने सुटतो. मीठ कमी झाले की फटी मिटतात आणि भिंतीवर काचेसारखा सलग थर बसतो. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या अशा जनित्रांत अडीच टक्क्यांच्या खाली गेलात की धोका सुरू झाला, असे धरूनच चालावे.

वरची मर्यादा मासळी ठरवते. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू २ टक्क्यांना उणे १.२, ३ टक्क्यांना उणे १.८, ४ ला उणे २.४, ५ ला उणे ३ आणि ८ ला उणे ५.१ अंश. बांगडा साधारण उणे दीड-दोनच्या आसपास गोठू लागतो. हिशेबात हमखास विसरली जाणारी गोष्ट ही की बर्फ तयार होत जातो तसे उरलेले पाणी अधिक खारट होत जाते. अडीच टक्क्यांच्या पाण्याचा ३० टक्के भाग बर्फ झाला, तर उरलेल्या पाण्याची क्षारता २.५ भागिले ०.७, म्हणजे ३.६ टक्के होते आणि स्लरी उणे २.१५ वर बसते. मासळी आत पडली की थोडा बर्फ वितळून तापमान वर सरकते, त्यामुळे हे चालते. सुरुवात ४ टक्क्यांनी केलीत तर तीच स्लरी ५.७ टक्क्यांवर आणि उणे साडेतीनवर जाते. ते चालत नाही.

यंत्राला किमान अडीच हवे आणि मासळीला तीनच्या वर नको. खेळायला जागा आहे ती एवढीच.

दुसरा आणि तिसरा दिवस

मीठ कमी आहे हे कळल्यावर टाकीच्या झाकणातून ५० किलोची आठ पोती थेट ओतली गेली. खडे मीठ थंड पाण्यात तळाला बसले. वरचा नमुना घेतला तर जेमतेम दीड टक्का, म्हणून ‘अजून कमीच आहे’ असे ठरले. रात्रभर ढवळणी फिरली आणि सगळे विरघळले. ७,००० लिटरमध्ये आधीचे ७७ किलो आणि वरून ४०० किलो, म्हणजे सुमारे ६.४ टक्के. यंत्र लोण्यासारखे चालले, करंट एक अँपिअर. सगळे खूश.

बर्फ २० टक्क्यांवर पोचला तेव्हा उरलेले पाणी ८ टक्के खारट आणि तापमान उणे ५ होते. संध्याकाळचा बांगडा त्यात पाच तास राहिला. बाहेर आला तो लाकडासारखा ताठ, डोळे पांढरट, पाठीची निळी-हिरवी झाक गेलेली. उणे पाचवर मासळी गोठते, पण सावकाश गोठते. सावकाश गोठण्यात बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि स्नायूंचे तंतू फाडतात. नंतर ब्लास्ट फ्रीजरमध्ये उणे ३५ ला टाकून ती इजा भरून निघत नाही. वितळवल्यावर पाणी सुटते आणि मांस खारट व चोथट लागते. खरेदीदाराने ‘गोठवून पुन्हा वितळवलेला माल’ म्हणून तो परत केला, आणि दिसायला तो तसाच होता.

योग्य हिशेब अवघड नव्हता. ७,००० किलो पाणी १.१ वरून २.५ टक्क्यांवर न्यायचे तर लागणारे मीठ = ७,००० × (०.०२५ − ०.०११) ÷ (१ − ०.०२५), म्हणजे १०० किलो. दोन पोती. तीही टाकीत ओतायची नाहीत. बाजूच्या पिंपात ४०० लिटर कच्च्या पाण्यात पूर्ण विरघळवायची, २० टक्क्यांचा द्राव तयार करायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचा स्वच्छ द्राव ढवळणी चालू असताना हळूहळू सोडायचा. मीठ खाण्यायोग्य प्रतीचेच घ्यावे. मिठागरातून थेट आलेल्या करड्या मिठात माती असते, खारटपणात जगणारे जिवाणूही असतात.

मोजायचे कसे

हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, पण नमुना चुकीचा घेतला तर तो सरळ फसवतो. बर्फ तयार झालेल्या टाकीतून गाळून घेतलेल्या पाण्याची क्षारता जास्तच दिसणार, कारण तिथले गोडे पाणी बर्फ होऊन बाजूला झाले आहे. स्लरीचा पेलाभर नमुना बर्फासकट घ्यायचा, पूर्ण वितळू द्यायचा, खोलीच्या तापमानाला आणायचा, ढवळायचा आणि मग वाचायचा. हा आकडा सुरुवातीच्या क्षारतेशी जुळला पाहिजे. या केंद्रात नंतर जे दोन खोटे धोक्याचे इशारे आले ते दोन्ही गाळलेल्या नमुन्यामुळे आले.

बर्फाचे प्रमाण तापमानावरून काढता येते, पण अडीच टक्क्यांच्या पाण्यात २० टक्के बर्फ उणे १.९ ला, ३० टक्के उणे २.१५ ला आणि ४० टक्के उणे २.५ ला असतो. पाव अंशाचा फरक डायल थर्मामीटरला दिसतच नाही. त्यापेक्षा बादलीची कसोटी बरी. थर्माकोलच्या डब्यात ३० अंशांचे २ किलो पाणी घ्या, त्यात १ किलो स्लरी टाका, ढवळून बर्फ विरघळला की तापमान बघा. साडेअकरा आले तर ३० टक्के, साडेचौदा आले तर २० टक्के, सतरा आले तर जेमतेम १० टक्के. दोन मिनिटांचे काम आहे, आणि स्लरी विकत घेणाऱ्यानेही ते करावे. ‘एक टन स्लरी’ म्हणून १० टक्क्यांचे थंडगार पाणी गळ्यात पडू शकते.

आतला दुसरा दोष

तपास करताना एक जुनी गोष्टही उघडी पडली. एप्रिल-मेमध्येही यंत्र मागणीला पुरत नव्हते आणि दोष कॉम्प्रेसरवर ढकलला जात होता. आकडे मांडल्यावर चित्र वेगळे दिसले.

रोजचा बांगडा ६ टन, २८ अंशांवरून १ अंशावर. किलोमागे अंशाला ३.४ किलोज्यूल धरले तर एकूण ५५० मेगाज्यूल, आणि टब, हवा, हाताळणीचे २० टक्के धरून ६६०. बर्फ किलोमागे ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे २ टन बर्फ, म्हणजे ३० टक्क्यांची साडेसहा ते सात टन स्लरी. मासळी आणि स्लरी जवळजवळ समसमान. ४५० किलो बांगड्याला ५०० किलो स्लरी, असा टब भरावा. ‘दोनास एक’ (मासळी दोन, स्लरी एक) हे प्रमाण आधीच गार झालेल्या मासळीसाठी आहे, होडीतून उबदार उतरलेल्या मालासाठी नाही.

सात टन स्लरीत २.१ टन बर्फ, त्याचे ७०० मेगाज्यूल. वीस तासांत विभागले तर पावणेदहा किलोवॅट. या आकड्यावर १२ किलोवॅटचे यंत्र घेतले गेले. पण बर्फ धरण्याआधी सातही टन खारे पाणी २८ वरून उणे दोनवर आणावे लागते आणि त्याला ८४० मेगाज्यूल लागतात. बर्फ करण्यापेक्षा पाणी गार करणेच महाग! दोन्ही मिळून १,५४० मेगाज्यूल. १२ किलोवॅटच्या यंत्राला त्यासाठी जवळजवळ ३६ तास हवेत. कॉम्प्रेसर बिचारा निर्दोष होता.

वापरलेले पाणी परत टाकीत घेतले तर हा भार टळतो, पण त्यात रक्त, चिकटा आणि आदल्या दिवशीचे जिवाणू असतात. तो मार्ग नको. त्याऐवजी टबांतून निथळलेले १ अंशाचे पाणी आणि नवे कच्चे पाणी रुंद फटींच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे पाणी न मिसळता पत्र्याआडून उष्णता देवघेव करणाऱ्या यंत्रातून, समोरासमोर नेले. निथळलेले पाणी त्यात शिरण्याआधी जाळीचा स्ट्रेनर बसवला, कारण खवले आणि चिकटा साध्या प्लेटा आठवड्यात बुजवतात. कच्चे पाणी ८ अंशांवर येऊ लागले, भार ५६० मेगाज्यूलने उतरला आणि काम पावणेतेवीस तासांत बसले. काठोकाठ, पण बसले. ज्या दिवशी जास्त मासळी येते त्या दिवशी वरची तूट लादीचा चुरा टाकून भरतात. चुरा गोड्या पाण्याचा असल्याने टबातच टाकायचा, टाकीत नाही. लादीवाल्याशी संबंध तोडू नयेत.

मीठ रोज का वाढत जाते

क्षारता अडीचवर आणल्यानंतरही आठवड्याच्या आतच ती चारकडे सरकली. पंपाला वेळ लागतो म्हणून कामगार ढवळणी बंद करून टाकीवर तरंगलेला बर्फ खोऱ्याने उचलत होते. बर्फ हलका, वर येतो आणि जवळपास गोडा असतो. २ टन असा बर्फ उचलला तर त्यासोबत १४-१५ किलो मीठ जाते, पण त्याजागी भरलेल्या, अडीच टक्क्यांवर आणलेल्या २ टन पाण्यातून ५० किलो येते. टाकीत रोज अर्धा टक्का वाढ. ढवळणी चालू ठेवून टाकीच्या मध्यावरून पंपाने स्लरी घेतली की पाणी आणि बर्फ ठरल्या प्रमाणात एकत्र बाहेर पडतात आणि ही वाढ थांबते. पंप नीट ओढत नव्हता तेही याच ढवळणीमुळे. बर्फ वर साचला की पंपाला आधी नुसते पाणी मिळते आणि मग एकदम घट्ट गोळा. ३० टक्क्यांच्या आत, नळीत सेकंदाला अर्धा ते एक मीटर वेगाने आणि तीव्र काटकोन टाळून स्लरी बिनबोभाट वाहते. रात्रभर साठवायची असेल तरी ढवळणी बंद करू नये. बारीक कण विरघळून मोठ्यांवर चढतात, गुठळ्या होतात आणि सकाळी टाकीत पुन्हा लादीच.

टबापासून कोल्ड स्टोरेजपर्यंत

टबात आधी निम्मी स्लरी, मग मासळी, मग उरलेली स्लरी. आधी मासळी भरून वरून स्लरी ओतली तर मधला गठ्ठा तासभर उबदार राहतो. तळातून सोडलेली दाबाची हवा मिसळायला पुरते. गाभ्यात काटा-थर्मामीटर घालून १ अंश दिसला की निथळायचे. चार-पाच तासांपलीकडे मासळी स्लरीत ठेवू नये, मांस मीठ पिते. निथळल्यावर चिल रूमसाठी क्रेटमध्ये गोड्या पाण्याचा फ्लेक बर्फ, फ्रीजरसाठी थेट ट्रे.

स्लरी चिल रूमच्या कॉइलमधून फिरवून खोली गार ठेवता येते. दिवसाच्या गर्दीच्या तासांत कॉम्प्रेसरचा ताण कमी होतो आणि कॉइल फार थंड नसल्याने हवा कोरडी पडत नाही. पण हीच स्लरी उणे १८ ची खोली सांभाळेल, या आशेवर राहू नये. त्यासाठी वीस टक्क्यांच्या वर मीठ लागेल. ते लोखंडालाही खाईल आणि गोठणबिंदूच्या शेवटच्या टोकाशी, उणे २१ ला, सगळेच घट्ट होईल.

खाडीचे पाणी कधी उचलायचे

पावसाळ्यात मुखाशी गोडे पाणी वर आणि समुद्राचे जड पाणी खाली असे थर असतात. या केंद्राचा फूट-व्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या तोंडावरची झडप) पृष्ठभागापासून अर्ध्या मीटरवर तरंगता टांगलेला होता, म्हणजे नेमका गोड्या थरात. ओहोटीला तिथे ०.९ टक्के मिळायचे, भरतीला २.४. व्हॉल्व्ह खोल उतरवला, गाळ ओढू नये म्हणून तळापासून एक मीटर वर ठेवला आणि वीस हजार लिटरची साठवण टाकी बांधली. आता ती टाकी भरती पुरी होण्याआधीच्या तासात भरतात. पंपाला घड्याळी टायमर लावला होता तो दोन दिवसांत काढावा लागला, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्याजागी पाइपात क्षारतेचा सेन्सर बसवला, दोन टक्क्यांखाली पंप चालतच नाही. सेन्सरच्या इलेक्ट्रोडवर शेवाळ धरते. आठवड्यातून एकदा तो पुसून रिफ्रॅक्टोमीटरशी ताडून पाहावा लागतो आणि त्याची वही स्क्रेपर मोटारच्या करंटच्या वहीशेजारीच ठेवलेली असते.